पत्रादेवीपलीकडे खरंच काय स्वस्त?

सिंधुदुर्गातल्या बांद्यातले कितीतरी तरुण रोज गोव्यात म्हापसा-पणजीकडे कामाला जातात. घरात कुणी फार आजारी पडलं, तर बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठलं जातं. परतताना पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडण्याआधी गाडीची टाकी फुल करायची, ही इथली रीतच आहे. त्यांचा हिशेब चोख आहे, कारण तिकडे जाणं त्यांना भागच असतं. सुट्टीत गोव्याला जाणाऱ्यांचा हिशेब मात्र बऱ्याचदा चुकतो. हद्दीपलीकडे सगळंच स्वस्त, असं ते धरून चालतात.

पूर्वी त्यात तथ्य होतं. प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा, त्यामुळे एकच वस्तू दोन राज्यांत दोन भावांना मिळायची. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मोबाइलपासून साबणापर्यंत कर देशभर एकच झाला. मोठे अपवाद उरले ते पेट्रोल, डिझेल आणि दारू. त्यांच्यावरचा कर अजून राज्य सरकारं आपापल्या गरजेप्रमाणे ठरवतात. 2012 मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला, तेव्हा गोव्यात पेट्रोल एका दिवसात सुमारे 11 रुपयांनी उतरलं होतं. उलटही घडतं. कागलहून कर्नाटकात निपाणीला डिझेल भरायला जाणाऱ्यांना ते ठाऊक आहे. कर्नाटकाने जून 2024 मध्ये पेट्रोल आणि डिझेल दोन्ही सुमारे तीन रुपयांनी वाढवलं, एप्रिल 2025 मध्ये डिझेल आणखी दोन रुपयांनी. जुना फायदा बराचसा आटला.

आता मुद्दाम पेट्रोल भरायला जाणाऱ्याचं गणित मांडू. फरक लिटरमागे आठ रुपये धरा. टाकी रिकामी घेऊन कुणी निघत नाही. फार तर 30 लिटर मावेल. वाचले 240 रुपये. हद्द 20 किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 40. गाडीचं ॲव्हरेज 15 असेल, तर जाण्यायेण्यातच अडीच लिटरहून जास्त जळलं, म्हणजे गोव्याच्या भावानेही अडीचशेच्या वर रुपये. वेळ आणि टायरची झीज वेगळीच. वाटेवरच पंप असेल तर जरूर भरा, एरवी घराजवळचाच बरा. आणि कॅनमध्ये पेट्रोल भरून डिकीत ठेवणं हा तर जिवाशी खेळ आहे. आठ रुपयांसाठी तो कुणीही करू नये.

काजूचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते फार लागतं. गोव्याहून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी काजूची पाकिटं घेऊन येते. कर दोन्हीकडे सारखाच, मग एका दुकानात दर इतका कमी कसा? उत्तर दर्जात आहे. काजूगराला डब्ल्यू 180, 240, 320 असे क्रमांक असतात. एका पौंडात, म्हणजे साधारण 454 ग्रॅममध्ये किती अख्खे गर बसतात, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि महाग. 240 चा भाव विचारून 320 घेतला, किंवा अख्ख्यांच्या नावाखाली पाकळी आणि तुकडा पदरात पडला, तर स्वस्ताई कसली? पाकीट उघडून बघता येत नसेल, तर निदान क्रमांक विचारा. विक्रेत्याला तो सांगता येत नसेल, तर पुढच्या दुकानात जा. दुसरं म्हणजे, वेंगुर्ल्याला काजूवर संशोधन करणारं केंद्र आहे. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या नावाजलेल्या जाती तिथल्याच. सिंधुदुर्गात गावोगावी काजूचे कारखाने आहेत. पर्यटक त्यांच्या दारावरून गाडी पुढे काढतात आणि पलीकडे जाऊन काजू घेतात! परतीच्या वाटेवर सावंतवाडी किंवा वेंगुर्ल्यात थांबून, गर हातात घेऊन बघा.

राहिली दारू. इथे फरक खरा आहे आणि मोठाही. जून 2025 मध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, त्यामुळे तो फरक आणखी वाढला. पण गोव्यातल्या बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं. परवान्याशिवाय ती इकडे आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 प्रमाणे गुन्हा आहे. दुकानाचं बिल म्हणजे परवाना नव्हे, आणि ‘एक-दोन बाटल्यांना कुणी विचारत नाही’ ही ऐकीव गोष्ट कोर्टात चालत नाही. बांद्याजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. मुद्देमालाबरोबर वाहनही जप्त होऊ शकतं, मग ते कुणाच्याही नावावर असो. तुम्ही भाड्याच्या गाडीने गेला असाल, तर ती गाडी त्या चालकाचं पोट आहे. त्याला न सांगता डिकीत बाटली ठेवू नका, आणि तो ‘चालेल साहेब’ म्हणाला तरीही ठेवू नका.