जास्वंद आणि करडा पुठ्ठा

जास्वंदीचे तांबडे फूल हिरव्या पानांत ज्या दिमाखाने उठून दिसते, तो दिमाख रंगांच्या विरोधातून आलेला असल्यामुळे, कृष्णधवल चित्रात रंगच वजा झाले की फूल आणि पान जवळजवळ एकाच करड्या छटेत विरून जातात, आणि छायाचित्रकारास फिल्टरची तजवीज करावी लागते. भिंगापुढे तांबडी काच धरली तर फूल पांढुरके होते. हिरवी धरली तर पान उजळून पाकळी काळवंडते. मला हिरवीच मानवते, कारण त्या काळोख्या पाकळीपुढे केसरदंडावरचे पिवळे परागकोश एकेक वेगळे दिसतात.

परंतु खरी कसोटी अंतराची. फुलाचा भाग फिल्मवर मूळ आकाराएवढा उमटवायचा म्हणजे कॅमेऱ्याचा भाता भिंगाच्या नाभीय अंतराच्या दुप्पट ताणावा लागतो आणि प्रकाश चतुर्थांशच उरतो. त्यात परागकोशांपासून पाकळीच्या कडेपर्यंत सारे रेखीव यावे म्हणून छिद्र बारीक केले, की झडप कित्येक सेकंद उघडी ठेवणे प्राप्त होते. तेवढ्या मुदतीत वाऱ्याची एक झुळूकही सारे पुसून टाकते. म्हणून फूल घरात, उत्तरेच्या खिडकीशी आणावे, देठ काडीला बांधावा, मागे करडा पुठ्ठा उभा करावा, पंखा बंद करावा आणि मंडळींना येरझारा घालण्यास मनाई करावी (या शेवटच्या हुकमाची अंमलबजावणी सहसा होत नाही). दिरंगाईला तर मुळीच वाव नाही, कारण जास्वंदीचे आयुष्य बहुधा एका दिवसाचे.

साध्या पुठ्ठ्यापुढे वनस्पती एकटी उभी करण्याची ही रीत बर्लिनच्या कलाशाळेतील अध्यापक कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) यांनी पराकोटीस नेली. विद्यार्थ्यांना नक्षीचे मूळ दाखवावे, या हेतूने त्यांनी नेचाची वेटोळी कोवळी पाने आणि एक्विसेटमची पेरेदार खोडे स्वतः सिद्ध केलेल्या कॅमेऱ्याने कित्येक पटींनी वाढवून टिपली, आणि १९२८ साली त्यांचा ‘उरफॉर्मेन डेअर कुन्स्ट’ हा संग्रह निघाला. नको ती पाने ते खुशाल छाटून टाकीत, यावर हरकत घेता येईल. पण ज्या चित्रांनी शिल्पकाराला घाट शिकवायचा, त्यांत एवढा फेरफार मला क्षम्य वाटतो. वनस्पतिशास्त्राचा दस्तऐवज म्हणून मात्र ती कोणी पुढे करू नयेत.

नवशिक्याने आरंभी जास्वंदीच्या वाटेस न जाता अळूचे पान घ्यावे: ते खिडकीत उजेडाआड धरले, की शिरांची जाळी फिल्टरवाचूनही स्वच्छ उमटते.