सांधे आणि कंडरा : त्यांचे बळ व संवर्धन

छत्तीसगड राज्यातील भिलाई हे नाव उच्चारताच पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. सोव्हिएत संघाशी 1955 साली झालेल्या करारानुसार हा कारखाना उभारण्यात आला आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. भारतीय रेल्वेला लागणारे रूळ येथे तयार होतात. ते एकमेकांस जोडून 260 मीटर लांबीचे सलग रूळही येथून पाठविले जातात. रूळ जितका लांब, तितके लोहमार्गातील सांधे कमी. आणि चाकांचे धक्के सांध्यापाशीच अधिक बसत असल्यामुळे सांधे कमी असणे हिताचे ठरते.

मनुष्यदेहाला ही सोय नाही. चालणे, वाकणे, उचलणे या साऱ्या क्रिया सांध्यांच्याच बळावर चालतात. म्हणून रुळाप्रमाणे आपले सांधेही वापराने झिजत जातात व ते जपावयाचे तर हालचाल कमी करावी, अशी समजूत पुष्कळांची असते. परंतु या उपमेत एक मोठी उणीव आहे. पोलादाला पोषण लागत नाही, आणि भार पडला म्हणून ते नवे पोलाद निर्माण करीत नाही. सांधा मात्र जिवंत आहे.

सांध्याचे पोषण

सांध्यात एकमेकांसमोर येणाऱ्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. प्रौढ माणसाच्या या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते. सांध्यावर भार पडला की कूर्चा दाबली जाऊन तिच्यातील द्रव बाहेर येतो. भार उतरला की पाण्यात बुडविलेल्या स्पंजाप्रमाणे ती तो पुन्हा शोषून घेते. तात्पर्य, माफक हालचाल हे सांध्याचे अन्नच होय. दीर्घ काळ बिछान्यास खिळलेल्या माणसाची कूर्चा पातळ होते, ती याच कारणाने.

कंडरांची मंद वाढ

हाडाला हाडाशी बांधतात ते अस्थिबंध, आणि स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. दोन्ही प्रामुख्याने कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची बनलेली असून, कंडरेत हे तंतू दोरखंडातील पेडांप्रमाणे एका दिशेने रचलेले असतात. टाचेच्या वरची जाड कंडरा ही शरीरातील सर्वांत बळकट कंडरा होय; धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो.

या कंडरेविषयी डेन्मार्कमधील संशोधकांनी 2013 साली एक लक्षणीय शोध प्रसिद्ध केला. सन 1955 ते 1963 या काळात झालेल्या अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढले व नंतर ते हळूहळू उतरत गेले. अन्नावाटे हा कार्बन सर्वांच्या शरीरात पोहोचला. त्यामुळे एखादा ऊतक कोणत्या वर्षांत घडला हे त्यातील कार्बनावरून ताडता येते. या कसोटीवर असे आढळले की, टाचेच्या कंडरेचा गाभा साधारणतः सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ नवा होत नाही. शालेय वयातील खेळ व व्यायाम यांचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

याचा अर्थ प्रौढांनी आशा सोडावी असा मात्र नाही. सुमारे तीन महिने नियमितपणे पुरेसा भार दिल्यास प्रौढांच्या कंडराही अधिक ताठ व सक्षम होतात. अडचण आहे ती गतीची. स्नायूंचे बळ काही आठवड्यांतच जाणवू लागते; कंडरा मागे राहते. उत्साहाच्या भरात भार एकदम वाढविणाऱ्यास दुखापत होते, ती बहुधा या तफावतीमुळे. शिवाय कठीण व्यायामानंतर पहिला एक-दीड दिवस कोलॅजेन घडण्यापेक्षा मोडतेच अधिक; म्हणून दोन कठीण दिवसांमध्ये विश्रांतीचा दिवस असावा.

व्यायामाचा क्रम

आरंभ सावकाश असावा, हा नियम लोककलांनाही परिचित आहे. भिलाईच्या परिसरात व छत्तीसगडमध्ये अन्यत्र सतनामी समाजाचे पंथी नृत्य केले जाते. त्याची सुरुवात संथ लयीत होते. मांदराचा ठेका वाढत जातो आणि चपळ उड्या व मानवी मनोरे शेवटी येतात. तोवर नर्तकांचे अंग तापलेले असते.

घरी करण्याजोगे व्यायाम साधे आहेत. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून तीन सेकंदांत टाचा उचलाव्या व तीन सेकंदांत खाली आणाव्या. भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठकीत तीस सेकंद स्थिर राहावे. बैठका सावकाश काढाव्या. एका पायावर उभे राहून तोल सांभाळल्याने घोट्याचे नियंत्रण सुधारते. हे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावे व भार थोडाथोडा वाढवावा.

किंचित अवघडलेपण स्वाभाविक आहे. परंतु सांधा सुजला, अडकू लागला किंवा टाचेमागे एकाएकी फटका बसल्यासारखे वाटून चालणे कठीण झाले, तर व्यायाम थांबवून विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

कारखान्यातील रूळ घडतो तो एकदाच. देहातील सांध्यांची निगा मात्र आयुष्यभर राखावी लागते, आणि तिचे साधन म्हणजे बेताचा भार, पुरेशी विश्रांती व सातत्य.