कधी सरळ, कधी बाहेर वळणारी नजर

मुलाचा एक डोळा एरवी सरळ असतो, पण मधूनच कानाच्या बाजूस सरकतो. यास अधूनमधून होणारा बाह्य तिरळेपणा म्हणतात. तो बहुधा बालपणीच्या पहिल्या काही वर्षांत सुरू होतो. हाक मारताच मूल पापणी मिटते आणि नजर पुन्हा जागेवर येते. त्यामुळे पाहणाऱ्यास आपल्याला भास झाला असे वाटते. काही घरांत तर तिरळी नजर भाग्याची मानली जाते. दोन्ही समजुतींत मोलाचा काळ निघून जातो.

दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा मेंदू एकत्र जुळवतो, म्हणून वस्तूचे अंतर व खोली अचूक उमगते. डोळा सरकल्यावर खरे तर एकाच्या दोन वस्तू दिसावयास हव्यात; परंतु लहान मुलाचा मेंदू सरकलेल्या डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो. मूल तक्रार करीत नाही ते यामुळेच. मोठ्या वयात मात्र डोळ्यांवर ताण, डोकेदुखी, वाचताना अक्षरे धूसर होणे किंवा दुहेरी दिसणे असा त्रास होऊ शकतो.

थकवा, ताप, झोपेची वेळ, तंद्री आणि दूरवर पाहणे या प्रसंगी डोळा अधिक सरकतो. प्रखर उन्हात एक डोळा मिटून घेणे ही या विकाराची ठळक खूण आहे. याउलट तपासणीच्या वेळी सावध असलेल्या मुलाची नजर अगदी सरळ दिसू शकते. म्हणून दुकानाच्या रोजमेळाप्रमाणे पालकांनी नोंद ठेवावी: डोळा केव्हा सरकला, किती वेळ राहिला, आपोआप परतला की नाही. मोबाइलवरील चित्रफीतही डॉक्टरांस उपयोगी पडते.

नेत्रतज्ज्ञ एकेक डोळा झाकून नजरेची हालचाल पाहतात, लोलकाने तिरळेपणाचा कोन मोजतात, चष्म्याचा नंबर आणि खोलीची जाण तपासतात. निदान झाले म्हणजे शस्त्रक्रिया ठरलीच, असे नाही. नजरेवर ताबा चांगला असेल तर पुष्कळ मुलांना केवळ ठरावीक काळाने तपासले जाते. काहींना चष्मा, तर काहींना रोज थोडा वेळ डोळ्यावर पट्टी सुचवली जाते. डोळा वरचेवर सरकू लागला किंवा खोलीची जाण घटू लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत डोळा हलविणाऱ्या स्नायूंची जागा किंवा लांबी बदलतात. काहींत तिरळेपणा पुढे परततो. म्हणून नंतरही तपासणी चालू ठेवावी लागते.

तिरळेपणा अकस्मात उद्भवला, पापणी खाली पडली किंवा बुबुळाच्या मध्यभागी पांढरी चमक दिसली, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे. एरवी घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र घरात वा शाळेत कोणी मुलास ‘चकणा’ म्हणून चिडवू नये, याची काळजी वडीलधाऱ्यांनी अवश्य घ्यावी.