माळ्यावरचं खोकं: जुन्या विमा पॉलिसीतून जमिनीची सफाई

मागच्या भागाच्या शेवटी आपल्यापुढे एक प्रश्न उरला होता. अमेरिकेत जुन्या धंद्याची जमीन दूषित निघाली, दूषण झालं पन्नास वर्षांपूर्वी, आणि बिल आलं आज. हे पैसे आणायचे कुठून? आज त्याचं एक उत्तर पाहू. बरेचदा ते माळ्यावरच्या खोक्यात पडून असतं.

एक उदाहरण धरून चालू. समजा, न्यू जर्सीत एका कुटुंबाच्या कंपनीची ड्रायक्लीनिंगची लॉन्ड्री आहे, १९६२ पासूनची. कपडे धुवायला पर्क नावाचं द्रावण वापरायचे. मशीनमधून ते थोडं थोडं गळायचं, सांडायचं. पर्क पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ते जमिनीत झिरपत भूजलात खाली खाली जातं. आता कारभार मुलीकडे आहे. जागा विकायची म्हणून मातीची तपासणी होते आणि सगळं उघडं पडतं.

इथे १९८० चा सुपरफंड कायदा आठवा. तो मागच्या काळालाही लागू होतो, आणि निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज ठेवत नाही. ‘त्या काळी सगळेच असं करायचे’ हा बचाव चालत नाही. सफाईचा खर्च जागेच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो. म्हणजे आईवडिलांची सगळी कमाई गेली.

आजची पॉलिसी काढून बघितली तर त्यात प्रदूषण वगळलेलं असतं. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण आपण थांबायचं नाही.

मुदत संपली की पॉलिसी रद्दी, अशी आपली समजूत असते. त्या काळच्या सर्वसाधारण दायित्व पॉलिसीचं तसं नव्हतं. दावा कधी आला याला तिथे महत्त्व नाही. नुकसान कधी झालं हे पाहायचं. १९६८ साली पर्क झिरपत होतं ना? मग १९६८ ची पॉलिसी आजही बोलू शकते, दावा आज आला तरी. आणि झिरपणं वर्षानुवर्षं चालू असेल, तर अनेक न्यायालयं त्या प्रत्येक वर्षाची पॉलिसी जागी झाली असं मानतात.

मात्र पॉलिसी कोणत्या काळातली, यावर बरंच काही ठरतं. १९६६ मध्ये प्रमाणित मसुद्यात ‘अपघात’ऐवजी ‘घटना’ हा व्यापक शब्द आला. हळूहळू होणारं नुकसानही त्यात बसलं, फक्त ते अपेक्षित किंवा मुद्दाम केलेलं नसावं. १९७० नंतर प्रदूषण वगळणारं कलम आलं, पण ‘अचानक आणि अपघाती’ गळतीला सूट होती. ‘अचानक’ म्हणजे झटकन की अनपेक्षित, यावर राज्याराज्यांत खटले झाले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, मॉर्टन इंटरनॅशनलच्या खटल्यात, हे कलम शब्दशः लावायला नकार दिला. कारण कलम मंजूर करून घेताना विमा उद्योगाने नियामकांना त्याचा खरा परिणाम सांगितला नव्हता. १९८६ च्या सुमारास मात्र प्रदूषण जवळजवळ पूर्णच वगळलं गेलं. म्हणून शोधायच्या त्या त्याआधीच्या पॉलिस्या.

आता, सापडायच्या कशा? अमेरिकेत या कामाला ‘विमा पुरातत्त्व’ असंच नाव आहे आणि ते करणारे व्यावसायिक आहेत. मूळ कागद नसला तरी दुय्यम पुरावा चालू शकतो: जुनी खतावणी, हप्त्याच्या चेकची नोंद, एजंटची पत्रं, बँकेच्या कर्जाच्या फायली, भाडेकरार, एखाद्या जुन्या दाव्याची कागदपत्रं. पॉलिसी नंबर आणि कंपनीचं नाव मिळालं तरी मोठी मजल मारली.

कंपनी ‘बंद’ दिसली म्हणून सोडू नका. फिलाडेल्फियाची, १७९२ ची इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिका १९८२ मध्ये सिग्नात आली. १९९९ मध्ये सिग्नाचा तो व्यवसाय एसने घेतला, आणि २०१६ मध्ये एसने चब हे नाव धारण केलं. पाटी बदलते, जुनी जबाबदारी बरेचदा कुठेतरी पुढे जाते.

पॉलिसी सापडली की पहिलं काम: विमा कंपनीला लगेच लेखी कळवायचं. आधी खर्च करून मग बिल पाठवलं, तर ‘आम्हाला न विचारता केलं’ म्हणून नकार येऊ शकतो. कळवल्यावर वकिलाचा खर्चही अनेकदा कंपनीला उचलावा लागतो. दुसरी अडचण अशी की स्वतःच्या जागेचं नुकसान या पॉलिसीत सहसा येत नाही. पण भूजल मालकाचं एकट्याचं नसतं. ते दूषित झालं, किंवा होण्याचा धोका आहे, हे दाखवता आलं तर दाव्याला बळ येतं.

विमा कंपन्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. त्या म्हणतात, ‘१९६८ साली आम्ही हप्ता घेतला तेव्हा १९८० चा कायदा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.’ मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण मसुदा त्यांनीच लिहिलेला, आणि संदिग्ध शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे जुनं तत्त्व आहे. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका पेट्रोल पंपाच्या खटल्यात याच आधारावर नंतरचं कडक कलमसुद्धा विमेदाराच्या बाजूने वाचलं. इतर बऱ्याच राज्यांत असं होत नाही. म्हणून राज्य कोणतं, हे आधी बघायचं.

भारतात हे जसंच्या तसं लागू होईल असं समजू नका. भोपाळनंतर आपल्याकडे १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला, पण त्यात मदतीचा अर्ज अपघातानंतर पाच वर्षांच्या आत करावा लागतो. तीस वर्षं झिरपणाऱ्या विषाला ही चौकट अपुरी पडते.

तुमच्यापैकी कुणाच्या नातेवाइकांचा अमेरिकेत जुना मोटेल, पंप किंवा लॉन्ड्री असेल, तर एवढंच सांगा: जुन्या फायली रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. जागा दुसऱ्याकडून घेतली असेल, तर आधीच्या मालकाच्या पॉलिस्यांचीही चौकशी करा. मग वकिलाकडे जा.