वजन उतरलं, ब्लाउज सैल झाला

म्हैसूरला चामुंडी टेकडीच्या हजारेक पायऱ्या नेमाने चढून वजन उतरलं, की ब्लाउजही सैल होतो. स्तनात दूधग्रंथींबरोबर चरबी असते. अंगावरची घटली की तिथलीही घटते. किती, ते प्रत्येकीचं वेगळं: कुणाचा कप बदलतो, कुणाला शिंप्याकडे जावंही लागत नाही. नेमकी तिथलीच चरबी उतरवणारा व्यायाम मात्र नाही, जाहिराती काहीही म्हणोत. जोर मारले तर स्तनामागचा छातीचा स्नायू भरतो, उठाव जरा जास्त दिसतो. स्तन वाढत नाहीत. वजन झपाट्याने उतरलं तर त्वचा सैल पडून स्तन ओघळलेले दिसू शकतात. पळताना घट्ट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा हवीच. एकाच बाजूचा आकार बदलला किंवा हाताला गाठ लागली, तर ते व्यायामाच्या खात्यावर न टाकता डॉक्टरांना दाखवावं.