एकशे आठ माणसांची फौज

भिलाईहून बोलतोय. आज व्हिडिओ गेमवर बोलणार म्हटल्यावर घरातून कपाळाला हात लावल्याचा आवाज आला, तो तुम्हालाही ऐकू आला असेल. नातू नागपूरहून सुट्टीत आला, त्याने माझ्या लॅपटॉपवर हा गेम चढवला आणि म्हणाला, "आजोबा, यात फौज उभी करायची असते, तुमच्या कामाचं आहे." तो आठ दिवसांनी परत गेला, मी अजून खेळतोच आहे.

गेमचं नाव सुईकोदेन. कोनामी या जपानी कंपनीने तो १९९५ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनसाठी काढला, दुसरा भाग १९९८ मध्ये. ६ मार्च २०२५ रोजी दोन्ही भाग एकत्र, नव्या रंगरूपात आले. यालाच रीमास्टर म्हणतात: कथा आणि नियम जुनेच, चित्र आणि सोयी नव्या. मूळ कल्पक योशिताका मुरायामा फेब्रुवारी २०२४ मध्ये वारले. रीमास्टर बाजारात आलेला त्यांना पाहता आला नाही.

नाव आलंय एका जुन्या चिनी कादंबरीवरून. दलदलीत ठाणं मांडून राजसत्तेशी लढणाऱ्या एकशे आठ बंडखोरांची ती कथा. गेममध्येही तळ्यातला एक पडका किल्ला ताब्यात घ्यायचा आणि एकशे आठ माणसं जमवायची. तलवारबहाद्दर आहेतच, पण आचारी, लोहार, धोबीण, न्हाणीघर बांधणारा, लिफ्ट बसवणारा, हेही आहेत. आपल्याकडच्या बारा बलुतेदारांची आठवण येते. एकेक जण आला की किल्ल्यात एकेक खोली उजळते. बंदुकीच्या मागे भटारखाना लागतो, हे ज्याने शिधा वेळेवर न पोहोचलेली चौकी पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही. हे या गेमला कळलंय, म्हणून तो मला आवडला.

आता रीमास्टरने काय दिलं? पहिल्या भागात पूर्वी पळता येण्यासाठी विशिष्ट माणूस किंवा विशिष्ट रून जवळ लागे, आता बटण दाबलं की पळता येतं. लढाई दुप्पट वेगाने चालवता येते. संभाषण मागे जाऊन वाचता येतं, माझ्यासारख्याला हे फार उपयोगी. पहिल्या भागातले चेहरे मूळ चित्रकार जुन्को कावानो यांनीच नव्याने रंगवले. देखावे तर सुरेखच: पाणी हलतं, दिव्याचा उजेड भिंतीवर पडतो. पण त्या देखाव्यात फिरणारी माणसं जुनीच, चौकोनी ठिपक्यांची. नव्या रंगवलेल्या भिंतीवर जुनं कॅलेंडर लटकवल्यासारखं वाटतं. दोन दिवसांत सवय होते, हेही खरं.

ज्याची सवय होत नाही ते म्हणजे सामान. पहिल्या भागात प्रत्येकाची पिशवी वेगळी, त्यात अंगावरचं चिलखतही मोजलं जातं. एक औषध इकडून तिकडे द्यायला इतकी बटणं, की आमचा क्वार्टरमास्टरही वैतागला असता. आणि कोण भरती व्हायला कुठे वाट पाहतोय, हे गेम सांगत नाही. काही जण वेळ गेली की कायमचे निसटतात. एक जरी निसटला तरी शेवट बदलतो. तीस वर्षांपूर्वी हे चाललं, आज थोडी खूण ठेवायला हरकत नव्हती. आपली भाषा तर सोडाच, हिंदीही नाही.

मोठ्या लढाया दगड-कागद-कात्रीच्या चालीवर: चढाई धनुर्धारींना भारी, धनुर्धारी जादूला, जादू चढाईला. भूगोल नाही, रसद नाही. मी नाक मुरडलं. मग लक्षात आलं की आधी हेर पाठवले तर शत्रूची पुढची चाल कळते. खबर असेल तर जुगार नाही. दुसऱ्या भागात चौकटींचा नकाशा आहे, दिसायला जास्त लष्करी, पण तिथे बऱ्याच लढायांचा निकाल कथेने आधीच ठरवलेला असतो. मला पहिल्याच भागातल्या लढाया बऱ्या वाटल्या.

पुढचं सांगताना कथा थोडी फुटेल, ज्यांना नको त्यांनी दोन परिच्छेद सोडा.

नायकाचा बाप साम्राज्याचा सेनापती आहे आणि शेवटपर्यंत बादशहाशी इमान राखतो. शहाजीराजे आदिलशाहीत आणि शिवबा स्वराज्य मांडतोय, ही कोंडी आपल्याला परकी नाही. मात्र इथे बापलेक खरंच समोरासमोर येतात. बापाच्या चिलखती घोडदळापुढे आपली फौज मोडते आणि पळणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून घरचाच एक पहिलवान बापाला एकटा अडवतो. त्याचं नाव पान, खायचं नव्हे. याच पानने सुरुवातीला आपली खबर सरकारला दिलेली असते. पुढे तो माफी मागून परत येतो. मी त्याला घेतला, पण मनातून नाही. ना त्याला लोहाराकडे नेलं, ना चांगलं चिलखत दिलं, एका मोहिमेवरही नेलं नाही. द्वंद्वात शत्रूच्या बोलण्यावरून त्याचा पुढचा वार ओळखायचा असतो. मी ओळखलेही बरेच, पण पानच्या अंगात ताकदच नव्हती. तो मेला. या गेममध्ये असा मेलेला परत येत नाही.

आणि इथेच रीमास्टरची सर्वांत मोठी सोय समोर आली. गेम आपोआप सेव्ह होतो. फोनवर नातू म्हणाला, "मागचं सेव्ह उघडा, त्याला तयार करा, पुन्हा लढा. सगळे तसंच करतात." नव्या खेळाडूने खुशाल करावं, एकशे आठ पूर्ण करायचे तर दुसरा मार्गही नाही. पण माझा हात गेला नाही. नोकरीत मीही एका जवानाला एका चुकीसाठी दीड वर्ष मागे भांडारात ठेवलं होतं; पुढे पाठवायची वेळ आली तेव्हा त्याचा सराव गेलेला होता. तो सुखरूप परतला, पण ती रात्र मी झोपलो नव्हतो.

माझ्या किल्ल्यातल्या शिळेवर एकशे सात नावं भरतील. दुसरा भाग सुरू करताना पहिल्याचं सेव्ह त्यात घेता येतं, मी तेच घेणार आहे.