तंजावरच्या भिंतीवरची मराठी

प्रत्येक प्रांताविषयी आपल्या मनात एक ठरीव चित्र असते. तामिळनाडू म्हटले की उंच गोपुरे, भरतनाट्यम्, कर्नाटक संगीत आणि इडली-सांबार एवढे डोळ्यांपुढे येते. आणि हे सर्व आपल्याहून निराळे, आपला त्याच्याशी संबंध तो काय, असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. पण या प्रांताचा इतिहास थोडा उकलून पाहिला, तर मराठी माणसाने चकित व्हावे आणि थोडे अंतर्मुखही व्हावे अशा गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट दगडातच कोरलेली आहे. तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केले. गाभाऱ्यावरचे त्याचे शिखर साठ मीटरांहून उंच आहे. तमिळ संस्कृतीचे हे केवढे मानचिन्ह! पण याच देवळाच्या आवारातील भिंतीवर देवनागरी अक्षरांत भोसले वंशाची हकीकत मराठीत कोरलेली आहे. १८०३ सालचा हा लेख मराठीतील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक आहे, आणि तो आहे कावेरीच्या काठच्या मुलखात.

मराठी तेथे गेली कशी? शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे विजापूरकरांच्या वतीने दक्षिणेत गेले आणि १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. इंग्रजांनी ते राज्य खालसा केले १८५५ मध्ये. म्हणजे साताऱ्याची गादी १८४८ मध्ये गेल्यानंतरही तंजावरला भोसल्यांचा राजा होता.

परंतु राज्य केले, यात खरे नवल नाही. राज्ये पुष्कळांनी केली. नवल आहे ते राज्यकर्ते तेथे गेल्यावर कसे वागले यात. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ गादीवर होते. ते स्वतः नाटककार. त्यांच्या दरबारात तेलुगूला मोठा मान होता, कारण आधीच्या नायक राजांपासूनची ती रीत. राजांनी ती मोडली नाही, उलट स्वतः तेलुगूत रचना केली. ‘पंचभाषाविलास’ नावाच्या त्यांच्या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदतात. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाटक मराठीत आहे. विष्णुदास भावे यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले १८४३ मध्ये; त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी तंजावरात मराठी नाटक लिहिले गेले होते!

पुढे दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनीने कारभार काढून घेतला आणि राजांकडे जवळजवळ किल्ल्यापुरतीच सत्ता उरली. अशा वेळी दुसरा कोणी विलासात बुडाला असता. सरफोजींनी ग्रंथ जमविले. नायकांच्या काळापासूनचा सरस्वतीमहाल त्यांनी वाढविला. काशीयात्रेहूनही पोथ्या आणल्या. नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवविल्या. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापच्या नीतिकथा मराठीत छापून निघाल्या. त्या वेळी पुण्यात पेशवाई चालू होती, हे ध्यानात घ्यावे.

याहून मौजेची गोष्ट त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ची. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात भविष्य सांगणारी एक भटकी स्त्री येते आणि विरहिणी नायिकेचा हात पाहते. सरफोजींनी हा तमिळ साचा घेतला, भाषा मराठी घेतली आणि त्या स्त्रीच्या तोंडून वदविला काय, तर पृथ्वीचा भूगोल! साचा तमिळांचा, ज्ञान युरोपचे आणि शब्द मराठी.

देवाणघेवाण उलट बाजूनेही झाली. आज भरतनाट्यम्‌चा जो क्रम रंगमंचावर दिसतो, तो बसविणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे बंधू सरफोजींच्या दरबारातले. थोर रचनाकार त्यागराज तंजावरजवळच्या तिरुवैयारूला याच काळात तेलुगू कीर्तने रचीत होते. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकारांचा ढंग तमिळ हरिकथेने उचलला. साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळ कथेकऱ्यांच्या तोंडी बसले.

सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले, अशी एक कथा आपण आवडीने सांगतो. तिला भक्कम पुरावा नाही. ज्या गोष्टींना दगडाचा, पोथीचा नि छापील पानाचा पुरावा आहे, त्या मात्र आपणांस ठाऊक नसतात, हे काही भूषण नव्हे.

तंजावर दरबाराचे मोडी कागद आजही मोठ्या संख्येने तेथे आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले. म्हणजे तमिळ अभ्यासक आपली लिपी शिकून आपले कागद वाचतात, आणि आपल्यापैकी मोडी वाचणारे किती, तमिळ जाणणारे किती, हे ज्याचे त्याने आपल्या गल्लीत मोजून पाहावे.

तंजावरला यात्रेकरू जातात, शिलालेखापुढे उभे राहतात आणि ‘येथे आपले राज्य होते’ म्हणून छाती फुगवून परततात. अभिमान वाटावा, जरूर वाटावा. पण ज्यांचा अभिमान बाळगायचा त्या राजांनी परक्या मुलखात जाऊन प्रथम तेथील भाषा आपलीशी केली. म्हणूनच राज्य जाऊनही त्यांच्या मराठीला तेथे जागा राहिली आणि तंजावरी मराठी घरांतून ती पुढेही बोलली गेली. आपल्या शहरात शेजारच्या बिऱ्हाडी एखादे तमिळ कुटुंब असेल, तर त्यांच्या भाषेतली चार वाक्ये शिकावीत. सरफोजीराजांचे स्मरण करण्याची ही रीत त्यांनाही पसंत पडली असती.